बालकल्याणाची जबाबदारी : केंद्र, राज्य आणि पंचायत

(पक्षसभासदांच्या अभ्यासवर्गात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)

२ ऑक्टोबर १९७५ रोजी देशातील ३३ प्रकल्पक्षेत्रांत 'एकात्मिक बालविकास सेवा योजना' सुरू करण्यात आली. प्रारंभी या योजनेत ४,८९१ अंगणवाड्या होत्या. महाराष्ट्रातील मेळघाटच्या डोंगराळ भागातील धारणी हा या पहिल्या प्रकल्पांपैकी एक होता. पुढील पन्नास वर्षांत अंगणवाड्यांची संख्या तेरा लाखांच्या पुढे गेली आणि लहान बालकांसाठी चालविल्या जाणाऱ्या जगातील सर्वांत मोठ्या सरकारी योजनांत तिची गणना होऊ लागली. परंतु ज्या मेळघाटात ती प्रथम पोहोचली, त्याच मेळघाटातील बालमृत्यूंविषयीच्या याचिकांची सुनावणी मुंबई उच्च न्यायालयात २००७ पासून चालली असून २०२५ सालीही ती संपलेली नव्हती. दिल्लीत योजना आहे, मुंबईत खाते आहे, अमरावतीला जिल्हा परिषद आहे, धारणीला प्रकल्प कार्यालय आहे आणि पाड्यावर अंगणवाडी आहे. असे असूनही मूल दगावते, तेव्हा त्याचा जाब कोणाला विचारावयाचा? आजच्या विवेचनाचा विषय हाच प्रश्न आहे.

शासनाच्या निरनिराळ्या स्तरांनी बालकल्याणासाठी परस्परांचे भागीदार व्हावे, हे तत्त्व कोणीही अमान्य करीत नाही. मंत्र्यांच्या भाषणांतून आणि योजनांच्या पुस्तिकांतून ते सतत आढळते. परंतु भागीदारी या शब्दाला तीन अंगे असतात : काम कोणी करावयाचे, पैसा कोणी द्यावयाचा आणि निर्णय कोणी घ्यावयाचा. ही तीनही अंगे एकाच दिशेने चालली तरच भागीदारी खरी. काम वरून खाली ढकलले जात असेल आणि पैसा व निर्णय मात्र खालून वर ओढले जात असतील, तर त्या व्यवस्थेला भागीदारी हे नाव शोभत नाही.

नावामागील इतिहास

'अंगणवाडी' हा शब्द आज काश्मीरपासून केरळपर्यंत सर्वत्र रूढ झाला असला, तरी त्यामागील कल्पनेची जडणघडण मराठी मुलखात झाली आहे. १९४५ साली ताराबाई मोडक यांनी त्या वेळच्या ठाणे जिल्ह्यातील बोर्डी येथे ग्राम बालशिक्षा केंद्राचे काम सुरू केले. अनुताई वाघ तेथे त्यांच्या सहकारी झाल्या. शाळेत येऊ न शकणाऱ्या मुलांकडे शाळेनेच जावे, त्यांच्या वस्तीतील अंगणातच बालवाडी भरवावी, आधी त्यांची अंघोळ, स्वच्छता आणि खाणे पाहावे आणि मग गाणी-गोष्टी, असा तो प्रयोग होता. पुढे हे कार्य कोसबाडच्या टेकडीवर गेले. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणातच शाळा नेण्याची कल्पनाही याच कामातून पुढे आली.

याच १९४५ साली, याच डहाणू-उंबरगाव टापूत, किसान सभेच्या झेंड्याखाली वारली आदिवासी वेठबिगारीविरुद्ध उठले होते. कॉम्रेड शामराव आणि गोदावरी परुळेकर यांचे नाव त्या लढ्याशी कायमचे जोडले गेले आहे. एकाच भूभागात, एकाच वर्षी, एकीकडे आदिवासी मुलासाठी अंगणात बालवाडी भरते आणि दुसरीकडे त्या मुलाचे आईबाप सावकाराच्या व जमीनदाराच्या शेतावर फुकट राबण्यास नकार देतात. या दोन घटनांचे प्रवर्तक निराळे होते, मार्गही निराळे होते. परंतु त्या एकमेकींशेजारी ठेवून पाहिल्या म्हणजे एक गोष्ट स्पष्ट होते. आईची मजुरी, घरातील धान्य आणि जमिनीचा प्रश्न यांच्यापासून मुलाचे पोषण तोडून काढता येत नाही. सरकारी योजना आखताना हा संबंध बहुधा विसरला जातो आणि कुपोषण म्हणजे केवळ एका पाकिटाचा किंवा एका गोळीचा प्रश्न असल्याचे भासविले जाते.

एका अंगणवाडीतील सकाळ

शासनाचे स्तर प्रत्यक्षात कोठे भेटतात हे पाहावयाचे असेल, तर कोणत्याही गावातील अंगणवाडीत सकाळी दहाच्या सुमारास जावे. खोली ग्रामपंचायतीच्या जागेवर असते, भाड्याची असते किंवा समाजमंदिराचा एक कोपरा असतो. आहारासाठीचा गहू-तांदूळ सवलतीच्या दराने केंद्राच्या कोट्यातून येतो. आहाराचा खर्च केंद्र आणि राज्य निम्मानिम्मा उचलतात. लस टोचणारी आरोग्यसेविका आणि तिच्याबरोबर येणारी आशा या आरोग्य खात्याच्या यंत्रणेतील. पिण्याचे पाणी आणि संडास पंचायतीकडे. या सर्व धाग्यांची गाठ शेवटी एका स्त्रीच्या हातात असते. ती मुलांना घरून बोलावून आणते, वजन करते, आहार वाटते, गरोदर मातांच्या घरी जाते, नोंदवह्या भरते आणि मोबाईलवर माहितीही चढविते. ती अंगणवाडी सेविका होय. तिच्या सोबतीला एक मदतनीस असते.

वरच्या प्रत्येक स्तराला आपल्या वाट्याचा भाग तेवढा दिसतो. मूल मात्र एकच असते. वजनकाटा नादुरुस्त असेल तर त्या मुलाची घसरण कोणाच्याच नोंदीत येत नाही. आहाराचे बिल चार महिने थकले तर बचतगटाची बाई उधारीवर किती दिवस खिचडी शिजविणार? आरोग्यसेविकेचे पद रिकामे असेल तर तीव्र कुपोषित मुलाला प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा पोषण पुनर्वसन केंद्रात पाठविण्याची शिफारस कागदावरच राहते. तीन स्तरांच्या भागीदारीतील एक कडी तुटली, की उरलेल्या दोन स्तरांनी केलेला खर्चही वाया जातो.

संविधानाने केलेली वाटणी

संविधानाचा ४७ वा अनुच्छेद जनतेचे पोषणमान उंचावणे व सार्वजनिक आरोग्य सुधारणे हे राज्याचे आद्य कर्तव्य मानतो. येथे 'राज्य' या शब्दात केंद्र, घटकराज्ये आणि स्थानिक संस्था अशा सर्वांचा समावेश होतो. २००२ च्या ८६ व्या घटनादुरुस्तीनंतर ४५ वा अनुच्छेद सहा वर्षांखालील बालकांच्या संगोपनाची व शिक्षणाची जबाबदारी सांगतो. परंतु ही दोन्ही मार्गदर्शक तत्त्वे आहेत. त्यांच्या आधारे नागरिकाला थेट न्यायालयात हक्क मागता येत नाही.

सार्वजनिक आरोग्य हा राज्यसूचीतील विषय. १९९२ च्या ७३ व्या घटनादुरुस्तीने जोडलेल्या अकराव्या अनुसूचीत पंचायतींकडे सोपविता येतील असे २९ विषय दिले आहेत आणि त्यांत २५ वा विषय 'महिला व बालविकास' असा स्पष्ट नमूद आहे. म्हणजे कागदावर काम खाली देण्याची तरतूद पूर्ण आहे. पण हे विषय प्रत्यक्षात पंचायतींकडे द्यावेत की नाही आणि दिले तर पैसा व कर्मचारी सोबत द्यावेत की नाही, हे संविधानाने राज्य विधिमंडळांच्या इच्छेवर सोडले. बहुतेक राज्यांनी कामाची यादी दिली आणि तिजोरीची किल्ली आपल्या कमरेलाच ठेवली.

पैशाचा प्रवाह

प्रारंभीच्या तीस वर्षांत या योजनेची आर्थिक रचना साधी होती. कर्मचारी, प्रशिक्षण, साहित्य यांचा खर्च केंद्राने आणि पूरक पोषण आहाराचा खर्च राज्याने करावयाचा. परिणामी श्रीमंत राज्यांतील मुलांच्या ताटात काही तरी पडे. गरीब राज्यांत अंगणवाडी उघडी असे, ताट मात्र पुष्कळदा रिकामे. २००५–०६ पासून केंद्राने आहाराचा निम्मा खर्च उचलण्याचे मान्य केले. २००९–१० पासून आहाराखेरीज इतर बाबींसाठी केंद्राचा वाटा ९० टक्के ठरला. २०१५ नंतर तो बहुतेक राज्यांसाठी ६० टक्क्यांवर आणला गेला.

हा बदल कोणत्या परिस्थितीत झाला हे ध्यानात घेणे अगत्याचे आहे. चौदाव्या वित्त आयोगाने केंद्रीय करांतील राज्यांचा वाटा ३२ टक्क्यांवरून ४२ टक्क्यांवर नेला होता. राज्यांना आता अधिक पैसा मिळतो, तेव्हा सामाजिक योजनांचा भार त्यांनीच उचलावा, असा युक्तिवाद करून केंद्राने २०१५–१६ च्या अंदाजपत्रकात बालविकास योजनेची तरतूद १८ हजार कोटींहून अधिक रकमेवरून सुमारे ८,३०० कोटींपर्यंत खाली आणली. देशभर ओरड झाली आणि वर्षाच्या मध्यावर पुरवणी तरतुदी कराव्या लागल्या. त्याच सुमारास केंद्राने उपकर आणि अधिभार यांवर अधिकाधिक भिस्त ठेवण्यास आरंभ केला. या उत्पन्नातून राज्यांना वाटा द्यावा लागत नाही. म्हणजे एका हाताने दिलेले दुसऱ्या हाताने आवरते घेतले गेले. पुढे पंधराव्या वित्त आयोगाने २०२०–२१ साठी पोषणाकरिता ७,७३५ कोटी रुपयांचे विशेष अनुदान सुचविले. केंद्राने ते स्वीकारले नाही.

या मोठ्या रकमांचे मुलाच्या ताटापर्यंत पोहोचेतो काय होते, तेही पाहावे. २०१७ साली एका बालकाच्या एका दिवसाच्या पूरक आहारासाठी आठ रुपये, तीव्र कुपोषित बालकासाठी बारा रुपये आणि गरोदर व स्तनदा मातेसाठी साडेनऊ रुपये असा दर ठरला. यात केंद्राचा व बहुतेक राज्यांचा वाटा निम्मानिम्मा. महागाई चढत गेली तरी हा दर पुढे कित्येक वर्षे हलला नाही. आठ रुपयांत धान्य, डाळ, तेल, मीठ-मसाला, जळण हे सर्व भागवावयाचे. त्यातच मुलाला एक अंडे द्यावयाचे ठरविले, तर बहुतेक रक्कम त्या एका अंड्यातच संपते. म्हणून ज्या राज्यांनी अंडी देण्याचे ठरविले त्यांना आपल्या खिशातून भर घालावी लागली. अन्य काही ठिकाणी तर पैशाचीही सबब राहिली नाही. २०१५ साली मध्य प्रदेशात आदिवासी भागांतील अंगणवाड्यांत अंडी देण्याचा प्रस्ताव पुढे आला तेव्हा मुख्यमंत्र्यांनीच तो फेटाळला. मुलाने काय खावे हे त्याच्या शरीराच्या गरजेवरून ठरण्याऐवजी सत्ताधाऱ्यांच्या सोवळ्यावरून ठरले.

हक्क कसा मिळाला

२००१ साली सरकारी गोदामांत धान्याचे डोंगर साचले होते आणि राजस्थानसह अनेक राज्यांत दुष्काळाने माणसे उपाशी होती. त्या वर्षी पीपल्स युनियन फॉर सिव्हिल लिबर्टीज या संघटनेने सर्वोच्च न्यायालयात याचिका दाखल केली. २८ नोव्हेंबर २००१ च्या आदेशाने न्यायालयाने अन्नाच्या योजनांना कायदेशीर हक्काचे स्वरूप दिले आणि शाळांतून शिजविलेले अन्न देणे राज्यांवर बंधनकारक केले. ७ ऑक्टोबर २००४ च्या आदेशात अंगणवाड्यांच्या आहारपुरवठ्यात ठेकेदार नकोत, ते काम गावसमूह, बचतगट आणि महिला मंडळे यांच्याकडे द्यावे, असे म्हटले गेले. १३ डिसेंबर २००६ रोजी देशात १४ लाख अंगणवाड्या उभारण्याचा आणि प्रत्येक वस्तीपर्यंत योजना नेण्याचा आदेश निघाला. या मालिकेचा शेवट २०१३ च्या राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायद्यात झाला. त्यानुसार सहा महिने ते सहा वर्षे वयाच्या प्रत्येक बालकाला अंगणवाडीतून विनामूल्य आहार मिळणे हा आज हक्क आहे.

हा हक्क आपोआप उतरलेला नाही. रस्त्यावरील चळवळ, संसदेतील दबाव आणि न्यायालयीन लढाई या तिन्हींचा त्यात भाग आहे. परंतु हक्क मिळाल्यावरही तो कसा पोखरला जातो, याचे उदाहरण महाराष्ट्रानेच दिले. लहान मुलांसाठी घरी न्यावयाचा कोरडा आहार, ज्याला सर्वत्र टीएचआर म्हणतात, त्याचे कंत्राट महिला मंडळांच्या नावावर निघे आणि त्या नावांआड मोठे उत्पादक उभे असत. सर्वोच्च न्यायालयाने नेमलेल्या आयुक्तांच्या कार्यालयाने हा प्रकार २०१२ साली उघडकीस आणला. पुढे राज्य सरकारने २०१६ साली हजारो कोटींची निविदा काढली. तिच्या अटी अशा होत्या की गावातील खऱ्या बचतगटाला तिच्यात शिरकावच मिळू नये. फेब्रुवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती निविदा रद्द केली. पैसा जितका वर एकवटतो, तितका तो ठेकेदाराच्या हाताला सोपा लागतो. स्थानिक संस्थांना अधिकार देण्याचा प्रश्न हा म्हणूनच केवळ प्रशासकीय सोयीचा प्रश्न नाही.

दोन राज्यांचे धडे

राज्याने मनावर घेतले म्हणजे काय होते हे तामिळनाडूने दाखविले. १ जुलै १९८२ रोजी त्या राज्याने ग्रामीण भागात बालवाडीतील व प्राथमिक शाळेतील मुलांसाठी दुपारच्या गरम जेवणाची योजना सुरू केली आणि दोन वर्षांतच ती पंधरा वर्षांपर्यंतच्या मुलांपर्यंत नेली. राष्ट्रीय स्तरावर शाळेतील आहाराची योजना आली ती १५ ऑगस्ट १९९५ रोजी, आणि तीही प्रारंभी अनेक राज्यांत कोरडे धान्य वाटण्यापुरतीच राहिली. अर्थात, केंद्राने सर्व राज्यांना एकच साचा लावावयाचा असता, तर तामिळनाडूचा प्रयोग जन्मालाच आला नसता. घटकराज्यांच्या स्वातंत्र्याचा आणि मुलाच्या ताटाचा असा थेट संबंध आहे.

केरळने दुसरा धडा दिला. ऑगस्ट १९९६ मध्ये तेथील डाव्या आघाडीच्या सरकारने जनतेच्या नियोजनाची मोहीम सुरू केली आणि राज्याच्या योजना-खर्चाचा ३५ ते ४० टक्के भाग स्थानिक संस्थांकडे वळविला. अंगणवाड्या ग्रामपंचायतींच्या कक्षेत आल्या. पूरक आहाराचा खर्च पंचायती आपल्या योजनेतून करू लागल्या. १९९८ साली स्थापन झालेल्या 'कुटुंबश्री'च्या महिला गटांनी सहा महिने ते तीन वर्षांच्या मुलांसाठी 'अमृतम् न्यूट्रिमिक्स' हे मिश्रण स्थानिक पातळीवर तयार करण्याचे काम अंगावर घेतले. येथे गहू केंद्राच्या कोट्यातून येतो, देखरेख राज्याच्या खात्याची असते, पैशात पंचायतीचा भाग असतो आणि श्रम व उत्पन्न गावातील स्त्रियांचे असते. स्तरांच्या भागीदारीचा खरा अर्थ तो हा.

२०१९–२१ च्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत केरळमधील अर्भकमृत्यूचे प्रमाण दर हजार जन्मांमागे ४.४ आढळले. अखिल भारतीय प्रमाण ३५.२ होते. परंतु आत्मसंतुष्टतेला येथेही जागा नाही. केरळमधील खुरटलेल्या मुलांचे प्रमाण आधीच्या पाहणीतील १९.७ टक्क्यांवरून २३.४ टक्क्यांवर चढलेले त्याच पाहणीत दिसले. मिळविलेले टिकविण्यासाठीही सतत झटावे लागते, हे कोणत्याही पक्षसभासदाने विसरता कामा नये.

देशाचे चित्र अधिक गंभीर आहे. त्याच पाहणीनुसार पाच वर्षांखालील मुलांपैकी ३५.५ टक्के मुले वयाच्या मानाने खुजी, १९.३ टक्के उंचीच्या मानाने कृश आणि ३२.१ टक्के कमी वजनाची होती. रक्तक्षय असलेल्या मुलांचे प्रमाण ५८.६ टक्क्यांवरून ६७.१ टक्क्यांवर गेले. महाराष्ट्रासारख्या उद्योगप्रधान राज्यात कृश मुलांचे प्रमाण २५.६ टक्के म्हणजे देशाच्या सरासरीहून अधिक होते. याच महाराष्ट्राने २००५ साली राजमाता जिजाऊ माता-बाल आरोग्य व पोषण मिशन स्थापून आरोग्य आणि बालविकास या दोन खात्यांना एकत्र कामाला लावले होते. दोन वर्षांखालील खुरटलेल्या मुलांचे प्रमाण २००५–०६ मधील ३९ टक्क्यांवरून २०१२ च्या राज्यपाहणीत २४ टक्क्यांच्या आसपास उतरलेले दिसले. पुढील वर्षांत मात्र ही गती टिकली नाही. खात्यांच्या भिंती पाडणे शक्य असते. त्या पुन्हा उभ्या राहू न देणे हे केवळ एखाद्या कर्तबगार अधिकाऱ्यावर सोडून चालत नाही, त्यामागे लोकांचा संघटित रेटा लागतो.

सेविकेचा प्रश्न हाच योजनेचा प्रश्न

या सर्व इमारतीचा पाया ज्या सुमारे २५ लाख सेविका-मदतनिसांवर उभा आहे, त्यांना शासन कामगार मानावयास तयार नाही. त्या 'मानसेवी' कार्यकर्त्या. त्यांना वेतन नाही, मानधन आहे. केंद्राने ऑक्टोबर २०१८ पासून सेविकेचे मानधन ३,००० वरून ४,५०० रुपये आणि मदतनिसाचे १,५०० वरून २,२५० रुपये केले. ही रक्कमही केंद्र आणि राज्य यांच्यात वाटलेली. त्याहून जे काही मिळते ते राज्याने आपल्या पदरचे दिलेले, आणि ते लढ्याशिवाय कोठेही मिळालेले नाही.

डिसेंबर २००६ मध्ये याच प्रश्नावर विलक्षण विसंगती दिसली. ७ तारखेच्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने अंगणवाडी सेविका हे शासकीय नागरी पद नाही असे म्हटले आणि १३ तारखेला त्याच न्यायालयाने १४ लाख अंगणवाड्या उभारण्याचा आदेश दिला. अंगणवाडी शासनाची, मुलाचा हक्क शासनाकडून, पण तो हक्क मुलाच्या हातात ठेवणारी स्त्री मात्र शासनाची नव्हे! २०१३ च्या ४५ व्या भारतीय श्रम परिषदेने योजनांतील कर्मचाऱ्यांना कामगार मानावे आणि किमान वेतन द्यावे अशी शिफारस केली. ती अमलात आली नाही. अखेर २५ एप्रिल २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने गुजरातमधील सेविकांच्या प्रकरणात त्यांना १९७२ च्या ग्रॅच्युइटी कायद्याचा लाभ दिला आणि त्यांचे काम अर्धवेळ म्हणता येणार नाही असे स्पष्ट केले.

राज्यकर्त्यांचा दुटप्पीपणा संपाच्या वेळी उघडा पडतो. २०१८ साली महाराष्ट्र सरकारने सेविकांना अत्यावश्यक सेवा कायद्याखाली, म्हणजे मेस्माखाली आणले आणि विरोध उसळल्यावर तो निर्णय स्थगित केला. ४ डिसेंबर २०२३ पासून महाराष्ट्रातील सेविकांनी वेतन, ग्रॅच्युइटी व निवृत्तिवेतन यांसाठी पन्नासहून अधिक दिवस संप केला. त्याच काळात आंध्र प्रदेशात ४२ दिवसांचा संप झाला आणि तेथील सरकारने जानेवारी २०२४ मध्ये एस्मा लागू केला. वेतन मागितले की ती स्वयंसेविका, संप केला की ती अत्यावश्यक सेवेतील कर्मचारी. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकत नाहीत.

केंद्रीकरणाचे नवे हत्यार मोबाईलच्या रूपाने आले आहे. २०२१ साली केंद्राने 'पोषण ट्रॅकर' हे अ‍ॅप आणले. महाराष्ट्रातील हजारो सेविकांनी त्याच वर्षी निकृष्ट मोबाईल सरकारला परत केले आणि अ‍ॅप मराठीत नसल्याची तक्रार लढविली. २०२५ मध्ये घरी न्यावयाचा आहार देताना मातेच्या चेहऱ्याची ओळख यंत्राने पटविण्याची सक्ती करण्यात आली. नोंदी नीट असाव्यात याला कोणाचा विरोध नाही. परंतु डोंगरातील पाड्यावर जाळे मिळाले नाही म्हणून आईला शिध्याशिवाय परत पाठवावे लागत असेल, तर ती नोंद कोणाच्या सोयीसाठी? दिल्लीच्या पडद्यावर आकडा तत्काळ दिसतो. गावच्या ग्रामसभेला मात्र आपल्याच मुलांच्या वजनाचा आकडा माहीत नसतो.

सभासदांपुढील कार्य

या विवेचनातून पुढील कामे निघतात. ती अवघड नाहीत, चिकाटीची आहेत.

पहिले, जेथे पक्षाचे सभासद ग्रामपंचायतीत, नगरपालिकेत किंवा जिल्हा परिषदेत निवडून आलेले आहेत तेथे त्यांनी महिन्यातून एकदा अंगणवाडीत जाऊन चार गोष्टी पाहाव्यात : वर्षातील ३०० दिवसांपैकी किती दिवस आहार मिळाला, वजनकाटा चालू आहे काय, तीव्र कुपोषित मुले किती आणि त्यांना कोठे पाठविले, आहाराची व मानधनाची किती रक्कम थकली आहे. ही माहिती ग्रामसभेत मोठ्याने वाचून दाखवावी. आदिवासी अनुसूचित क्षेत्रांत १९९६ च्या पेसा कायद्याने ग्रामसभेला जे अधिकार दिले आहेत त्यांचा येथे पुरेपूर उपयोग करावा.

दुसरे, अन्नसुरक्षा कायद्याखालील तक्रार निवारण यंत्रणा आणि राज्य अन्न आयोग यांच्याकडे लेखी तक्रारी नेण्याची सवय लागली पाहिजे. तोंडी गाऱ्हाणे हवेत विरते, तर तारीख आणि पोच असलेला कागद टिकतो. शहरांतील झोपडपट्ट्यांत आणि ऊसतोड, वीटभट्टी, बांधकाम यांवरील स्थलांतरित कुटुंबांत हे काम विशेष निकडीचे आहे. हंगामात गाव सोडताच मुलाचे नाव एका अंगणवाडीतून गळते आणि दुसरीत चढत नाही. इंदूर, सुरत, हैदराबाद, बेळगाव येथे काम करणाऱ्या मराठी सभासदांना अशी कुटुंबे रोज भेटतात. त्यांच्या मुलांची नावे जवळच्या केंद्रात घालून देणे हेही पक्षकार्यच आहे.

तिसरे, सेविका-मदतनिसांच्या संघटनेकडे केवळ मानधनवाढीची संघटना म्हणून पाहण्याची वृत्ती सोडावी. त्यांच्या संपात गावातील माता उभ्या राहतील, तर सरकारला त्या दोघींमध्ये फूट पाडता येणार नाही. उलट, संप मिटल्यावर सेविकांनीही आहाराच्या दर्जाचा आणि थकलेल्या बिलांचा प्रश्न मातांच्या बरोबरीने उचलावा. शेतमजूर, किसान आणि महिला या आघाड्यांनी एकत्र यावे असे ठराव अनेकदा होतात. अंगणवाडीच्या ओट्यावर त्या आधीच एकत्र आलेल्या असतात.

चौथे, राज्यांच्या आणि केंद्राच्या पातळीवर मागण्या नेमक्या असाव्यात. आहाराचा दर महागाईशी जोडावा. उपकर-अधिभारांतून राज्यांना वाटा मिळावा. बालविकासाचा निधी, कर्मचारी व देखरेख पंचायतींकडे एकत्र सोपवावी. सेविकांना कामगाराचा दर्जा, किमान वेतन आणि निवृत्तिवेतन मिळावे. आहाराचे काम ठेकेदाराऐवजी स्थानिक महिला गटांकडे जावे.

कॉम्रेड्स, धारणीच्या पाड्यावरील मुलाला केंद्रसूची आणि राज्यसूची यांतला फरक कळत नाही. त्याला भूक कळते. त्याच्या आईलाही ताटात किती पडले तेवढेच दिसते. कोणत्या स्तराचे किती टक्के, हा वाद तिच्यासाठी निरर्थक आहे. परंतु तिच्या वतीने तो वाद घालणे, प्रत्येक स्तराला त्याचा हिशेब विचारणे आणि तो हिशेब तिच्यासमोर, तिच्या भाषेत मांडणे हे पक्षाचे काम आहे. पुढील ग्रामसभेची तारीख प्रत्येक शाखेने आज नोंदवून घ्यावी आणि त्या सभेत अंगणवाडीची वही उघडली जाईल अशी व्यवस्था करावी.